बेरीज जास्त येते तेव्हा ‘डिस्टिंक्ट’ का कामाला येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे बी.कॉम. आहेत, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि रिपोर्ट बघतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागायची भाषा, काम करता करताच शिकले. रिपोर्टातली बेरीज अधूनमधून जास्त येते. मग ते ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी एकदाच दे, असं सांगणारा शब्द) टाकून बघतात. कधी जुळतं, कधी नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं की डेटाबेस म्हणजे सगळं संच आणि तर्कशास्त्र, ते गणित आल्याशिवाय हे सुटायचं नाही. तेव्हा गणित खरंच शिकावं लागेल का, लागलं तर किती, आणि त्यासाठी पुण्याला जाऊन कोर्स करावा का?

मी इथल्याच यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांसाठी बरीच वर्षं सॉफ्टवेअर करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात मला गणितापेक्षा दुसरीच अडचण दिसते. तुम्ही टेबलकडे एक्सेलच्या शीटसारखं बघताय: आडव्या ओळी, उभे रकाने, पाचव्या ओळीच्या खाली सहावी. या नजरेने बघितलं की ‘डिस्टिंक्ट’ हे पुसायचं फडकं वाटतं. जास्तीचं काहीतरी सांडलंय, पुसून टाकू. पण जास्तीचं सांडलं कुठून, हे या नजरेला दिसतच नाही. त्यासाठी लागणारं गणित फार थोडं आहे आणि त्यातलं निम्मं तुम्ही नववीत ‘संच’ या प्रकरणात करून बसला आहात.

समजा आपल्याकडे विणकामाचं टेबल आहे. कॉलम असे: तारीख, पाळी, माग, कामगार, डिझाइन, नग. हे कॉलम म्हणजे एका वाक्यातल्या रिकाम्या जागा समजा: ‘____ तारखेला, ____ पाळीत, ____ मागावर, ____ या कामगाराने ____ डिझाइनचे ____ नग विणले.’ प्रत्येक रो, म्हणजे आडवी ओळ, या जागा भरून एक खरं विधान करते. तर्कशास्त्रात अशा रिकाम्या जागांच्या वाक्याला विधेय म्हणतात. गणिताच्या बाजूने तीच गोष्ट अशी: प्रत्येक कॉलमला चालतील अशा किमतींचा एक संच असतो. साऱ्या तारखा, साऱ्या पाळ्या, सारे माग, सारे कामगार यांच्या शक्य तेवढ्या जुळण्या म्हणजे त्या संचांचा कार्टेशियन गुणाकार. तो अवाढव्य असतो. त्यातल्या ज्या जुळण्या कारखान्यात खरोखर घडल्या तेवढ्यांचा उपसंच म्हणजे तुमचं टेबल. गणितात या उपसंचालाच ‘रिलेशन’ म्हणतात. पाया एवढाच.

संच म्हटल्यावर दोन गोष्टी आपोआप आल्या. एक, पुनरुक्ती नाही. तेच खरं विधान दोनदा केलं म्हणून दोन घटना होत नाहीत. दुसरी, क्रम नाही. ‘ऑर्डर बाय’ (अमुक क्रमाने दे) न लिहिता कालपर्यंत रिपोर्ट तारखेच्या क्रमाने येत होता आणि आज विस्कटला, अशी तक्रार घेऊन लोक येतात. क्रम मागितलाच नव्हता, तो योगायोगाने मिळत होता.

ही कल्पना एडगर कॉड यांची. ऑक्सफर्डला गणित शिकलेला माणूस, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता. जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याआधी आयबीएमच्याच आयएमएससारख्या प्रणालींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी ठेवलेली असे, आणि कुठल्या फांदीवरून कुठे जायचं ती वाट प्रोग्रॅममध्येच लिहावी लागे. फांदी हलवली की प्रोग्रॅम मोडले. कॉड यांचं म्हणणं होतं की मागणाऱ्याने काय हवं तेवढंच सांगावं, वाट शोधणं हे यंत्राचं काम. १९७४ मध्ये त्याच प्रयोगशाळेतले चेंबरलिन आणि बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. कॉड यांना १९८१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. पण एसक्यूएलने कॉड यांचं सगळं ऐकलं नाही, आणि तुमची अडचण बरीचशी तिथून सुरू होते.

आता बेरजेकडे येऊ. तुमचा रिपोर्ट न बघताच अंदाज सांगतो. ऑर्डर, डिस्पॅच आणि जमा अशी तीन टेबलं तुम्ही एकाच फटक्यात जोडता. ऑर्डर क्रमांक ११८, ६०० टॉवेल. माल दोन चलनांनी (माल पाठवल्याच्या चिठ्ठ्यांनी) गेला, २५० आणि ३५०. पार्टीने पैसे तीन हप्त्यांत दिले: २०,०००, १५,००० आणि २५,०००, म्हणजे ६०,०००. तिन्ही टेबलं ऑर्डर क्रमांकावर जोडली की या एका ऑर्डरच्या २ × ३ = ६ रो होतात, कारण चलन आणि जमा यांचा एकमेकांशी थेट काही संबंध नाही; प्रत्येक चलन प्रत्येक जमेशी जुळतं. बेरीज केली की डिस्पॅच १,८०० टॉवेल आणि जमा १,२०,००० रुपये. डिस्पॅच तिप्पट, जमा दुप्पट. मालक म्हणतात सॉफ्टवेअर चुकलं.

पण त्या सहा रो वाचून बघा. प्रत्येक रो म्हणते: ‘ऑर्डर ११८ चं हे एक चलन आहे आणि त्याच ऑर्डरची ही एक जमा आहे.’ सहाही विधानं खरी आहेत, आणि सहाही एकमेकांपासून वेगळी आहेत. म्हणून ‘डिस्टिंक्ट’ला पुसायला काहीच सापडत नाही. मग लोक बेरजेच्या आत ‘डिस्टिंक्ट’ घालतात, आणि या उदाहरणात उत्तर बरोबरही येतं. हाच घात आहे. उद्या पार्टीने २०,००० चे तीन समान हप्ते दिले तर तीच क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) जमा २०,००० दाखवेल, ४०,००० गायब. कधी जुळतं, कधी नाही, हे तुमचं निरीक्षण याच कारणाचं असणार.

उपाय सोपा आहे. आधी डिस्पॅचची बेरीज ऑर्डरवार करून घ्या, जमेची वेगळी ऑर्डरवार करून घ्या. आता दोन्हीकडे एका ऑर्डरला जास्तीत जास्त एकच रो आहे. मग जोडा. जोडण्याआधी स्वतःला एवढंच विचारायचं: जुळून येणारी एक रो कुठलं वाक्य बोलेल? ते वाक्य तोंडाने म्हणता आलं नाही तर क्वेरी चालवू नका. माझ्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी हे वाक्य क्वेरीच्या वर कॉमेंट म्हणून मराठीत लिहायलाच लावतो. सुरुवातीला कुरकुरतात.

एसक्यूएलने कॉड यांचं कुठे ऐकलं नाही, ते इथे सांगून टाकतो. खऱ्या संचात एखादा कॉलम वेगळा काढला की सारख्या किमती एकच होतात. विणकामाच्या टेबलातून फक्त ‘नग’ काढला आणि दोघांनी ४०-४० विणले असतील तर संचात एकदाच ४० उरेल. बेरीज ८० च्या जागी ४०. हे नको, शिवाय सारख्या किमती शोधून काढायला वेळही लागतो, म्हणून एसक्यूएलने पुनरुक्ती राहू दिली. त्याला बहुसंच म्हणतात. सोय झाली, पण टेबलला नीट किल्ली नसेल तर तीच रो दोनदा शिरली तरी कोणी हटकत नाही.

किल्ली, म्हणजे की. इथे गणिताची दुसरी कल्पना लागते, फलन. एका किमतीवरून दुसरी किंमत एकमेव ठरते, तेव्हा पहिली दुसरीला ठरवते म्हणायचं. ऑर्डर क्रमांक पार्टीला ठरवतो, पार्टी ऑर्डर क्रमांकाला ठरवत नाही. ज्या कॉलमांवरून अख्खी रो ठरते, आणि ज्यांतला एकही काढला तर ठरत नाही, ती किल्ली. विणकामाच्या टेबलात कोणीही म्हणेल की तारीख, पाळी आणि माग मिळून किल्ली. बरोबर वाटतं, महिनाभराचा डेटा तपासला तरी बरोबर वाटेल. मग एक दिवस पाळीच्या मध्यात कामगार घरी जातो, बदली येतो, त्याच मागावर दोघांचे नग निघतात, आणि एंट्री करणारा दुसऱ्याचं नाव घालायला गेला की स्क्रीन एरर देते.

म्हणून मी यावर जास्त वेळ घालवतो. काय कशाला ठरवतं, हा नियम कारखान्याचा असतो. तो डेटात बघून सिद्ध होत नाही. डेटा फार तर तो खोटा पाडू शकतो. मुकादमाला आणि जॉबरला विचारावं लागतं, आणि विचारताना ‘असं असतं का’ न विचारता ‘असं कधी झालंय का’ विचारावं. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

हे नियम एकदा हातात आले की पुढचं काम मात्र शुद्ध गणिताचं. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १९७४ मध्ये तीन साधे नियम दिले. मोठा गट आपल्या भागाला ठरवतोच. दोन्ही बाजूंना सारखे कॉलम वाढवले तरी नातं टिकतं. आणि अ ब ला, ब क ला ठरवत असेल तर अ क ला ठरवतो. ‘हे त्याला ठरवतं’ अशा नात्याला अवलंबन म्हणतात; दिलेल्या अवलंबनांमधून जेवढी निघायला हवीत तेवढी सगळी या तिघांतून निघतात, आणि खोटं एकही निघत नाही.

समजा विणकामाच्या टेबलातच तुम्ही मजुरीचा ‘दर’ ठेवला आणि दर डिझाइनवर ठरतो. मग मोर डिझाइनचा दर शेकडो रोंत पुन्हा पुन्हा येणार आणि वाढ झाली की एखादीत जुना राहणार. म्हणून डिझाइन आणि दर वेगळ्या टेबलात काढायचे. पण टेबल फोडल्यावर पुन्हा जोडलं तर मूळचंच परत मिळेल, याची हमी काय? १९७१ मध्ये हीथ यांनी सिद्ध केलेलं प्रमेय ती हमी देतं: डिझाइन दराला ठरवत असेल तर एका बाजूला डिझाइन आणि दर, दुसऱ्या बाजूला डिझाइन आणि उरलेलं सगळं, असं फोडून जोडलं की नेमकं मूळ टेबल मिळतं. कमी नाही, जास्त नाही.

ती अट नसताना फोडलं तर काय होतं बघा. मूळ टेबलात दोनच रो: कामगार अ ने मोर डिझाइन सोलापूरच्या पार्टीसाठी विणलं, ब ने तेच मोर हैदराबादच्या पार्टीसाठी. हे ‘कामगार–डिझाइन’ आणि ‘डिझाइन–पार्टी’ असं फोडलं. दोन्हींत दोन-दोन रो. परत जोडलं तर चार रो येतात, त्यांतल्या दोन खोट्या, अ ने हैदराबादसाठी विणल्याचं आणि ब ने सोलापूरसाठी विणल्याचं सांगणाऱ्या. रो वाढल्या आणि माहिती गेली, कारण कोणी कोणासाठी विणलं ते आता कळायचा मार्ग उरला नाही.

नॉर्मल फॉर्मची, म्हणजे टेबल कितपत नीट फोडलंय त्याच्या पायऱ्यांची, जी यादी मुलाखतीसाठी पाठ करतात ती याच कल्पनेची उतरंड आहे. दुसरी आणि तिसरी कॉड यांची १९७१ ची, बॉइस–कॉड १९७४ ची. बॉइस–कॉडचं सार एका ओळीत येतं: काहीही ठरवणारा कॉलम किंवा गट असेल, तर त्याच्यावरून अख्खी रोच ठरली पाहिजे. कधी कधी तिथपर्यंत फोडलं की एखादा नियम दोन टेबलांत विभागला जातो आणि तपासता येईनासा होतो. तेव्हा तिसऱ्यावर थांबतात. बाकीच्या फॉर्मांवर मी तुमच्या जागी असतो तर झोप घालवली नसती.

इथेच एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. बिलात दर ठेवला तर ‘ही पुनरुक्ती आहे, काढा’ असं नुकतंच शिकलेला कोणी सांगेल. काढू नका. ‘या डिझाइनचा आजचा दर इतका’ आणि ‘या बिलात लावलेला दर इतका’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उद्या दर बदलला तरी दुसरं वाक्य खरंच राहतं. आणि मजुरीचा दर मध्येच बदलत असेल तर डिझाइन दराला ठरवतच नाही. डिझाइन आणि लागू तारीख मिळून ठरवतात. कुठलं वाक्य तुम्हाला जपायचंय ते आधी ठरवा, टेबल त्यावरून निघतं.

आतापर्यंतचा हिशेब एवढाच: रो म्हणजे खरं विधान, टेबल म्हणजे त्यांचा संच, आणि किल्ली म्हणजे कारखान्याचा नियम. आता जिथे हा साधा हिशेब बिघडतो तिकडे वळतो.

पहिला बिघाड ‘नल’, म्हणजे किंमत भरलेलीच नाही अशी खूण. माग रिकामा आहे म्हणून कामगाराच्या रकान्यात नल. मग तुम्ही विचारता: ज्यांना माग मिळाला नाही असे कामगार द्या, ‘नॉट इन’ लावून. उत्तर येतं शून्य रो, समोर चार जण बसलेले असताना. यंत्र आतून काय करतं बघा. ‘सात हा (एक, दोन, नल) यांत नाही’ म्हणजे सात एकपेक्षा वेगळा, आणि दोनपेक्षा वेगळा, आणि नलपेक्षा वेगळा. नल काय ते माहीत नाही, म्हणून शेवटच्याचं उत्तर खरं नाही आणि खोटंही नाही, ‘अज्ञात’. खरं आणि अज्ञात मिळून अज्ञात. आणि ‘व्हेअर’ (क्वेरीतला अटीचा भाग) फक्त खरं असलेलंच पुढे सोडतं. एसक्यूएल असं त्रिमूल्य तर्कशास्त्र वापरतं. ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहा, किंवा त्या कॉलमला नल बंद करा. ‘लेफ्ट जॉईन’ (डाव्या टेबलाच्या न जुळलेल्या रोही ठेवून जोडणं) करून उजव्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये लिहिली की न जुळलेल्या रो गायब होतात, तेही याच कारणाने, ती अट ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडण्याच्या अटीत, न्यायची.

दुसरा बिघाड, नसलेली रो. डेटाबेस असं धरून चालतो की जे विधान टेबलात नाही ते खोटं. रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये या गृहीताला बंद जगाचं गृहीत म्हटलं. हजेरीच्या टेबलात शनिवारची रो नाही म्हणजे कामगार गैरहजर, की त्या दिवशी हजेरी भरलीच नाही? टेबल स्वतःहून हा फरक सांगू शकत नाही. हजेरी भरल्याच्या दिवसांचं वेगळं टेबल ठेवा, म्हणजे आठवड्याच्या पगाराला भांडण होणार नाही.

तिसरा, किमतींचा संच. सुताचा काउंट बघा. कापसाच्या सुतासाठी काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा, म्हणून काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. हा आकडा आहे म्हणून एसक्यूएल त्याची बेरीजही देईल आणि सरासरीही. बेरजेला काही अर्थ नाही, आणि वेगवेगळ्या काउंटांच्या सुताची साधी सरासरी वजनाच्या हिशेबात चुकीची. कॉलमचा संच म्हणजे नुसत्या किमती नव्हेत, त्यांवर कुठल्या क्रिया चालतात तेही त्यात आलं. नावांचंही तसंच. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे सगळे एकाच शेडमध्ये. एंट्री करणारा ऐकेल तसं लिहितो: व्यंकटेश, वेंकटेश, यंकटेश. गणित गृहीत धरतं की दोन गोष्टी समान आहेत की नाहीत ते आधीच ठरलंय. ते ठरवून देत नाही. कामगाराला क्रमांक द्या, नावावर कधी जोडू नका.

आणखी एक, जरा कमी रोजच्या कामाचं. जोडणे, निवडणे, कॉलम काढणे या क्रियांचं उत्तर पुन्हा टेबलच असतं, म्हणून त्यांचं एक बीजगणित होतं, आकड्यांसारखंच. अट फक्त विणकामाच्या टेबलावर असेल तर ‘जोडून मग गाळा’ आणि ‘गाळून मग जोडा’ यांचं उत्तर तेच. डेटाबेस याच समीकरणांच्या जोरावर तुमची क्वेरी आतून फिरवून स्वस्तातली वाट निवडतो. तुम्ही ‘जॉईन’ कुठल्या क्रमाने लिहिले याची त्याला सहसा पर्वा नसते. या बीजगणिताला मर्यादाही आहे. खात्याखाली उपखातं, त्याखाली आणखी उपखातं, अशी कितीही खोल साखळी त्यातून काढता येत नाही, हे अहो आणि उलमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं. एसक्यूएलमध्ये त्यासाठी १९९९ च्या मानकात ‘विथ रिकर्सिव्ह’ आलं. लेजरच्या झाडासाठी तेच वापरा.

कोर्सचं म्हणाल तर तुमचं पुढे काय ठरलंय त्यावर आहे. रिपोर्टच करायचे असतील तर वर लिहिलंय त्याच्या पलीकडे फारसं लागणार नाही, आणि पुण्याच्या खोलीचं भाडं वाचवा. नवीन सॉफ्टवेअरची टेबलं स्वतः आखायची असतील तर अवलंबनांचा भाग वही-पेन घेऊन नीट करा. संध्याकाळी तासभर बसलात तरी होईल. डेटाबेसचं इंजिनच बनवणाऱ्यांत जायचं असेल तर मात्र तर्कशास्त्र आणि अल्गोरिदम रीतसर शिकावे लागतील, आणि ते कोर्सपेक्षा पदवीच्या अभ्यासक्रमात बरे मिळतात.

तोवर एक करा. ऑर्डर, डिस्पॅच आणि जमा या तीन टेबलांची प्रत्येकी एक रो काय वाक्य बोलते ते मराठीत लिहा, आणि प्रत्येकाची किल्ली कुठली ते खाली लिहा. पार्टीची, कामगारांची नावं काढून टाकून इथेच टाका. जमेच्या टेबलाला किल्ली सापडणार नाही असा माझा अंदाज आहे. बहुतेक ठिकाणी एकाच दिवशी त्याच पार्टीकडून तेवढीच रक्कम दोनदा आलेली असते आणि पावती क्रमांक कोणी भरलेला नसतो.